प्रमाण श्वान

वजनमापे निरीक्षकाच्या पदावरून सन्मानाने निवृत्त झालेल्या माणसाला घरी करण्यासारखं काही उरत नाही, या प्रश्नाचा सरकारदरबारी अजून कुणी गांभीर्याने विचार केलेला नाही. निरीक्षकसाहेबांनी निवृत्तीनंतर आधी स्वयंपाकघर तपासायला घेतलं. दुधाचं माप खोटं निघालं, साखरेचा चमचा चमच्याच्या व्याख्येत बसेना आणि भिंतीवरचं घड्याळ परवानगी नसताना पुढे जात होतं. तिघांनाही त्यांनी तोंडी समज दिली. मग कपाटाची उंची घेऊन ते टेप हातात धरून बायकोकडे वळले.

"अहो, एक पाऊल जरी पुढे टाकलंत ना, तर त्याच टेपने खुर्चीला बांधून ठेवीन," बाई म्हणाल्या. "जा, ढब्बूला मोजा."

घरात मोजायचा तेवढाच राहिला होता. ढब्बू हा तपकिरी, मध्यम आकाराचा कुत्रा. उजवा कान उभा, डावा पडलेला, पोट किंचित सुटलेलं. आपली आई कोण, बाप कोण, याची त्याने कधी चौकशी केली नव्हती. शेपटी तो कुणालाही हलवून दाखवायचा. एकदा कुलूप तोडायला आलेल्या माणसालाही त्याने ती दाखवली होती आणि तो बिचारा ओशाळून परत गेला होता. साहेब पेपर वाचायला बसले की ढब्बू त्यांच्या पावलांवर हनुवटी टेकून झोपायचा. पायाला मुंग्या आल्या तरी साहेब पाय हलवत नसत. नोकरीतल्या इतक्या वर्षांत साहेबांचा पाय असा कुणी अडवून धरला नव्हता, आणि त्यांना ते फार आवडायचं.

तर साहेबांनी ढब्बूला नाकापासून शेपटीपर्यंत मोजलं, आकडे भिंतीवर खडूने लिहिले आणि त्याला फिरवायला बागेत नेलं. इथेच सगळा घोटाळा झाला.

त्या काळी कुत्रा ही पाळायची गोष्ट होती, दाखवायची नव्हती. बागेत येणाऱ्या काही हौशी मंडळींनी मात्र श्वान मंडळ स्थापन केलं होतं, आणि त्या दिवशी शेजारच्या सार्वजनिक सभागृहात त्यांचं पहिलंवहिलं प्रदर्शन भरलं होतं. सगळेच सभासद परीक्षक होते. मंडळाचे चिटणीस म्हणजे दातांचे डॉक्टर. त्यांनी दातांवरून पहिला नंबर दिला. तो त्यांच्याच कुत्र्याला मिळाला. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी सुरात भुंकणाऱ्या कुत्र्याला पहिला नंबर दिला. तो कुत्रा म्हणजे बाईंचाच सोन्या. अशा रीतीने जितके कुत्रे तितके पहिले नंबर निघाले, आणि कुत्रे शांत बसून मालकांची भांडणं बघू लागले.

निरीक्षकसाहेब दारातून बघत होते. त्यांच्या अंगातला जुना अधिकारी खडबडून जागा झाला.

"तुमच्याकडे प्रमाण काय आहे?" त्यांनी विचारलं.

हा प्रश्न कुणालाच सुचला नव्हता.

"मी बाजारात जायचो," साहेब म्हणाले, "आणि दुकानदाराला सांगायचो, तुझं किलोचं वजन कमी भरतंय. ते कशाच्या जोरावर? तर आमच्या कचेरीत, कुलपात, एक खरं किलो ठेवलेलं असायचं. त्याला कुणी उघड्या हाताने शिवायचं नाही, चिमट्याने उचलायचं. त्याच्याशी जुळलं ते खरं, नाही जुळलं ते खोटं. तुमच्याकडे असा एखादा खरा कुत्रा आहे का?"

"सगळे खरेच आहेत," पियानोच्या बाई दुखावून म्हणाल्या.

"एक खरा कुलपात असल्याशिवाय बाकीच्यांचं काही सांगता येत नाही, बाई."

डॉक्टरांना हे इतकं पटलं की त्यांनी तिथल्या तिथे ठराव मांडला. प्रमाण श्वान कोण असावा, यावर मतदान झालं. प्रत्येक कुत्र्याला एक मत पडलं. दुसऱ्याच्या कुत्र्याला आदर्श मानायचं म्हणताच मंडळींच्या अंगाचा तिळपापड होऊ लागला. शेवटी सगळ्यांची नजर दारात बसून कान खाजवणाऱ्या ढब्बूवर गेली. त्याच्यात हेवा वाटण्याजोगं काहीच नव्हतं. तो एकमताने निवडून आला, आणि त्याच बैठकीत निरीक्षकसाहेब अध्यक्ष झाले.

साहेबांची छाती फुगली. आपला ढब्बू खरा, आणि जगातले बाकीचे कुत्रे त्याच्या तुलनेत पडताळायचे! ही बातमी त्यांनी घरी जाऊन बायकोला दोनदा सांगितली. मग रात्रीच्या जेवणाआधी बसून त्यांनी मंडळाची नियमावली लिहून काढली. प्रमाण श्वान मंडळाच्या कचेरीत, काचेच्या खोलीत, समान तापमानात ठेवण्यात यावा. सभासदांनी त्यास उघड्या हाताने स्पर्श करू नये. त्यास नावाने हाक मारू नये, कारण त्यामुळे कानाचा कोन बदलतो. त्यास हाताने भरवू नये. आणि सर्वांत महत्त्वाचं, प्रमाण श्वान आणि इतर श्वान यांत फरक आढळल्यास दोष इतर श्वानाचा समजण्यात यावा.

बायकोने नियमावली वाचली. "म्हणजे तो तिकडे राहणार?"

"अर्थात. प्रमाण वजन कुणी घरी ठेवतं का?"

"आणि तुम्ही त्याला हात लावायचा नाही?"

"चिमट्याने लावता येईल," साहेब म्हणाले.

बाईंनी कपाळाला हात लावला. तो मात्र नियमात बसत होता.

ढब्बूला काचेच्या खोलीत बसवलं त्या दिवशी साहेबांचं भाषण झालं, टाळ्या झाल्या. खोलीत गुबगुबीत सोफा होता, पाण्याचं भांडं होतं, आणि भिंतीवर तापमापक होता. साहेब जायला निघाले तसा ढब्बू काचेपाशी आला आणि शेपटी काचेवर आपटू लागला. डॉक्टरांनी 'किरकोळ कंपने' अशी नोंद घेतली. साहेब घरी आले, पेपर उघडला, आणि वाचता वाचता पाय हलवायचा नाही म्हणून कितीतरी वेळ तसेच बसून राहिले. मग त्यांच्या लक्षात आलं की पायावर कुणी नाही. त्या दिवशी पेपरात काय होतं ते त्यांना आठवत नाही.

इकडे मंडळाचा कारभार जोरात सुरू झाला. ज्यांच्या कुत्र्यांचे दोन्ही कान उभे, त्यांनी डाव्या कानाला शिशाची गोळी बांधून तो पाडला. ज्यांचे दोन्ही पडलेले, ते उजव्या कानाला गोंद लावू लागले. परगावाहून मोठी थोर घराण्यातली कुत्री येऊन हिरमुसली होऊन परत जात, कारण त्यांना पोट नसे. प्रदर्शनाला गर्दी वाढू लागली. लोक काचेतून ढब्बू बघत आणि आपल्या कुत्र्याला म्हणत, "बघ, शीक जरा."

पण कुत्रा म्हणजे पितळेचं वजन नव्हे, आणि हे निरीक्षकसाहेबांच्या आधी ढब्बूने दाखवून दिलं. दार उघडेल या आशेने तो दाराच्या चौकटीला अंग घासू लागला आणि त्याच्या डाव्या मांडीवरचे केस गेले. मंडळाची तातडीची बैठक बसली.

"प्रमाणाची झीज झालेली आहे," साहेब चाचरत म्हणाले.

"अध्यक्षमहाराज, असं कसं?" डॉक्टर म्हणाले. "नियम तुमचाच आहे. फरक पडला तर दोष इतरांचा. याचा अर्थ गावातल्या सगळ्या कुत्र्यांच्या डाव्या मांडीवर जादा केस आहेत."

आठवडा संपायच्या आत गावातल्या न्हाव्यांनी कुत्र्यांसाठी वेगळी खुर्ची ठेवली.

त्यानंतर ढब्बू सोफ्यावरून उडी मारताना पडला आणि मागच्या उजव्या पायाने लंगडू लागला. डॉक्टरांनी ते लंगडणं मोजलं, आणि जे कुत्रे चारही पायांवर उघडउघड चालत होते ते एका दिवसात बाद झाले. यावर पियानोच्या बाईंनी लंगडण्याचे वर्ग काढले. ताल मोजायचं टकटक करणारं यंत्र टेबलावर ठेवून त्या म्हणायच्या, "एक, दोन, तीन, आणि हळूच! रडायचं नाही, नुसतं लंगडायचं! नजरेत दुःख नको, भारदस्तपणा हवा!" कुत्र्यांना हे जमेना, म्हणून आधी मालकांना शिकवावं लागलं. संध्याकाळी बागेत अख्खी कुटुंबं तालात लंगडताना दिसू लागली. ज्याला कारण ठाऊक नव्हतं तोही गैरसमज नको म्हणून जरा लंगडून घेई.

निरीक्षकसाहेब रोज कचेरीत जात. अध्यक्ष म्हणून त्यांना काचेबाहेर खुर्ची टाकून बसायची मुभा होती. आधी ढब्बू त्यांना बघून उठायचा. मग नुसती मान उचलू लागला. एके दिवशी त्याने साहेबांकडे पाहिलं, लांब सुस्कारा सोडला आणि दाराकडे पाठ करून पडून राहिला. भांड्यातलं खाणं तसंच होतं. जन्मभर खोटी मापं पकडली आणि आता स्वतःच्या कुत्र्याशी इतका मोठा खोटेपणा केला, असं त्यांना वाटलं, आणि वाटलं ते बरोबरच होतं.

"डॉक्टर, तो जेवत नाहीये," ते म्हणाले.

"नोंद घेतली आहे. 'आहार: शून्य.' मंडळी घरोघरी प्रयत्न करतायत, पण इतर कुत्रे ऐकत नाहीत. ताटल्या चाटून पुसून साफ करतात. फार खालचा दर्जा."

"अहो, त्याला हाताने भरवलं की तो खाईल. एक बिस्किट मला देऊ द्या."

"नियम चार."

"मग त्याला सदोष ठरवा. मी घरी नेतो त्याला."

खोलीत असलेले सगळे सभासद वळून बघू लागले. पियानोच्या बाई पुढे आल्या. "सदोष? मग आम्ही ही ढीगभर प्रमाणपत्रं मिळवली ती कशाची? माझ्या सोन्याने लंगडणं आत्मसात करायला किती खस्ता खाल्ल्यात, कल्पना आहे तुम्हाला? आणि आता म्हणायचं, पाय नुसता मुरगळला होता?"

"नुसता मुरगळलाच होता," साहेब पुटपुटले.

हे विधान कामकाजातून वगळण्यात आलं.

साहेब घरी आले ते तोंड पाडून. बाई त्यांच्यासमोर चहा ठेवून शेजारी बसल्या. साहेब म्हणाले, "मला माझा कुत्रा परत हवाय."

"मग उचलून आणा. आपलाच आहे."

"तो आता कुणाचाच नाही. तो प्रमाण आहे. त्याला बाहेर काढायला नियम नाही."

"तुम्हीच लिहिलेत ना ते नियम? मग एखादं भोक ठेवलं असेलच. इतकी वर्षं सरकारी नोकरी केलीत ती काय उगाच?"

निरीक्षकसाहेबांनी चहाचा कप खाली ठेवला. बायकोकडे त्यांनी असं पाहिलं, जसं लग्नानंतर बहुधा पाहिलं नसावं. मग ते उठून नियमावली घेऊन बसले, आणि त्यांना जे हवं होतं ते शेवटून दुसऱ्या पानावर सापडलं. प्रदर्शनात कोणाही व्यक्तीस कोणताही श्वान आणता येईल. पडताळणीत नापास झालेला श्वान मालकाने ताबडतोब घरी घेऊन जावा. असा श्वान आवारात ठेवल्यास मंडळाची बदनामी होते. शिवाय, सदर नियम फक्त सभासदांस लागू राहतील. बायको सभासद नव्हती.

वार्षिक प्रदर्शनाच्या दिवशी सभागृहात मुंगी शिरायला जागा नव्हती. सकाळीच मोजणी पोटसमितीने हातमोजे घालून ढब्बूची मापं घेतली आणि ती मोठ्या फळ्यावर लिहिली. शेपटी: खाली, निश्चल. डावा कान: पडलेला. लंगडणे: आहे. उत्साह: नाही. गर्दीची झळ लागू नये म्हणून प्रत्यक्ष प्रमाण श्वानाला व्यासपीठामागच्या पडद्याआड सोफ्यावर ठेवण्यात आलं. तिकडे बघायची कुणाला गरजही नव्हती. फळा होता ना.

निरीक्षकसाहेबांच्या पत्नी पडद्याआड गेल्या. त्यांच्या पिशवीत गळपट्टा होता आणि बिस्किटं होती. थोड्या वेळाने मागच्या दाराने त्या बाहेर आल्या, आणि त्यांच्या पुढे ढब्बू होता. अंगणात उभ्या असलेल्या साहेबांना बघताच तो लंगडायचं विसरला. त्याने अशी काही झेप घेतली की साहेब टोपीसकट खाली बसले. ढब्बूने त्यांचं तोंड चाटलं, चष्मा चाटला, कान चाटले. साहेबांनी त्याला दोन्ही उघड्या हातांनी घट्ट धरलं. त्यांच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं, आणि त्याचं मोजमाप कुणी घेतलं नाही.

"आवरा आता," बाई डोळे पुसत म्हणाल्या. "रांगेत उभे राहा. नापास व्हायचंय आपल्याला."

नंबर आला. डॉक्टरांनी वर न बघताच फळ्याकडे बोट केलं आणि टेप काढला.

"शेपटी... शेपटी धरा हो कुणीतरी, मोजता येत नाहीये. निश्चल नाही. कान... दोन्ही उभे! अरेरे. लंगडणं?"

ढब्बूने साहेबांभोवती दोन फेऱ्या मारल्या आणि पियानोच्या बाईंच्या सोन्याला खेळायला बोलावलं. सोन्या फळ्यानुसार निश्चल उभा राहिला.

"अजिबात लंगडत नाही," डॉक्टर म्हणाले. "वजनही जास्त आहे. नुकतंच काहीतरी खाल्लेलं दिसतंय."

"बिस्किटं," साहेब म्हणाले.

"निरीक्षकसाहेब, निदान तुम्ही तरी!" पियानोच्या बाई हळहळल्या. "चळवळीचे आद्य प्रवर्तक तुम्ही, आणि असला कुत्रा घेऊन आलात? याच्या चेहऱ्यावर बघा जरा, सरळसरळ आनंद आहे!"

तेवढ्यात डॉक्टर थबकले. त्यांनी चष्मा सारखा केला, खाली वाकले आणि ढब्बूच्या मांडीवरच्या केस गेलेल्या जागेकडे पाहू लागले. साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. मागे उभ्या असलेल्या बायकोने पिशवी छातीशी धरली.

"थांबा," डॉक्टर हळूच म्हणाले. "हा कुत्रा मी कुठेतरी पाहिलाय. हा... हा आपल्या प्रमाण श्वानासारखा नाही का दिसत?"

सगळे गोळा झाले. सगळ्यांनी ढब्बूकडे पाहिलं, मग फळ्याकडे, मग पुन्हा ढब्बूकडे. ढब्बूने डॉक्टरांचं नाक चाटलं.

"छे!" डॉक्टर नाक पुसत सरळ झाले. "कसला डोंबलाचा सारखा! एकही माप जुळत नाहीये. कुणीतरी फक्त मांडी भादरून आणलीय. नक्कल करायची तर धड तरी करावी."

त्यांनी ढब्बूच्या गळपट्ट्यावर 'नापास' असा जांभळा शिक्का मारला. साहेबांनी नम्रपणे विचारलं, "सही पण कराल का?" डॉक्टरांनी सही केली. "ताबडतोब घरी घेऊन जा," ते दयेने म्हणाले, "आणि वाईट वाटून घेऊ नका. सगळेच कुत्रे काही कुत्रे नसतात."

बक्षीस समारंभाच्या वेळी पडदा वर गेला. सोफा रिकामा होता. मंडळींची पाचावर धारण बसली. पण डॉक्टर कसलेले चिटणीस होते. त्यांनी फळा बघितला, सोन्याची मापं बघितली. दोन्ही तंतोतंत जुळत होती. जो प्रमाणाशी पूर्ण जुळतो तो प्रमाणच असला पाहिजे, असा ठराव टाळ्यांच्या कडकडाटात मंजूर झाला, आणि सोन्याला उचलून सोफ्यावर ठेवण्यात आलं. पियानोच्या बाई आनंदाने हुंदके देऊ लागल्या. त्यांनी सोन्याला कुरवाळायला हात पुढे केला, तेव्हा डॉक्टरांनी अदबीने त्यांच्या हातात चिमटा दिला.

मग प्रेक्षकांतून एक बाप उभा राहिला. "आमच्या घरी कुत्रा नाही," तो म्हणाला, "पण असं काही लहान मुलांसाठी काढता येईल का?"

ही कल्पना आपल्याला आधी कशी सुचली नाही, याचं प्रत्येकाला वाईट वाटत होतं. डॉक्टर म्हणाले की विचार चांगला आहे, फक्त एक प्रमाण मूल आधी निवडावं लागेल. इच्छुक पालकांनी पाल्याला घेऊन बाहेर रांग लावावी. बघता बघता सभागृह रिकामं झालं. रांग पायऱ्या उतरून फाटकाबाहेर गेली आणि कोपऱ्यावरून वळली.

निरीक्षकसाहेब, बाई आणि ढब्बू त्याच रस्त्याने घरी चालले होते. कुणी 'आधी आम्ही आलोय' म्हणून भांडत होतं, कुणी मुलाचा खांदा दाबून तो सरळ करत होतं. ढब्बू प्रत्येक मुलापाशी थांबे, त्याला हुंगे आणि शेपटी हलवे. काही मुलं हसली, त्यांना लगेच गप्प करण्यात आलं. साहेबांना काहीतरी बोलायचं होतं. रांगेत एका ओळखीच्या चेहऱ्यापाशी ते थांबलेही, घसा खाकरला, दोनदा हाक मारली. पण तुम्ही वर पाहिलं नाहीत. तुम्ही मुलाचा भांग नीट करण्यात गुंतला होतात.